४ एप्रिलला नाही, १७ एप्रिलला हो : व्हर्जिनिया राज्याचा निर्णय, १८६१

अमेरिकेतल्या यादवी युद्धाची गोष्ट सांगताना एका टोकाला दक्षिण कॅरोलायना येते आणि दुसऱ्या टोकाला लिंकन. मधली राज्ये राहून जातात. दक्षिणेतल्या सात राज्यांनी संघराज्य सोडल्यावरही गुलामगिरी असलेली आठ राज्ये अडीच-तीन महिने जागची हलली नव्हती आणि पुढचे युद्ध किती मोठे होणार, हे त्यांच्यावर ठरणार होते. त्यांतले लोकसंख्येने सर्वांत मोठे राज्य व्हर्जिनिया. संघराज्यात राहायचे की नाही हे ठरवायला तिथे निवडलेल्या परिषदेने ४ एप्रिल १८६१ रोजी फुटून निघण्याचा ठराव जवळपास दोनास एक मतांनी फेटाळला आणि त्याच सभासदांनी तेरा दिवसांनी तो मंजूर केला. या दोन मतदानांच्या मध्ये काय झाले आणि त्याआधीच काय ठरून गेले होते, हा या प्रकरणाचा विषय.

पार्श्वभूमी

१८६० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या सुमारे सोळा लाख होती. त्यातले चार लाख नव्वद हजार लोक गुलामगिरीत होते. इतकी मोठी संख्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हती. पण हे लोक राज्यभर सारखे पसरलेले नव्हते. समुद्रालगतच्या खालाटीत आणि तिच्या पश्चिमेच्या पायथ्याच्या पट्ट्यात कितीतरी कौंट्यांमध्ये गोऱ्यांपेक्षा गुलाम जास्त होते. शेनन्डोआ खोऱ्यात ते प्रमाण बरेच खाली येई आणि अॅलिगेनी डोंगरांपलीकडे, ओहायो नदीकडच्या वायव्य भागात, गुलाम औषधापुरते. व्हीलिंग शहराचा व्यापार पिट्सबर्गशी होता, रिचमंडशी फारसा नाही.

तंबाखूने पूर्वेकडची जमीन दोन शतकांत थकवली होती. मालक गव्हाकडे वळले होते. गव्हाला तंबाखूइतकी माणसे लागत नाहीत. मग 'जास्तीची' माणसे विकली जात. मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना इथल्या कापसाच्या मळ्यांना हात हवे होते, आणि ते पुरवणाऱ्या बाजारांत न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल रिचमंडचे नाव होते. शहराच्या शॉको बॉटम भागात लिलावघरे आणि माणसे कोंडून ठेवण्याचे खासगी तुरुंग शेजारी शेजारी उभे होते. व्हर्जिनियातल्या कित्येक घराण्यांचे कर्ज पिकावर फिटत नसे. ते कुणाच्या तरी मुलाला दक्षिणेत विकून फिटे. व्हर्जिनियातली गुलामगिरी सौम्य होती आणि ती आपोआप संपत आली होती, असे अजूनही कुठे कुठे वाचायला मिळते. हा लिलाव त्या म्हणण्यात बसत नाही.

राज्यातले जुने भांडणही याच्याशीच जोडलेले होते. १८५१ च्या राज्यघटनेनुसार बारा वर्षांखालच्या गुलामांवर कर नव्हता आणि त्यावरच्या प्रत्येकाची किंमत करापुरती ३०० डॉलर धरली जाई. बाजारात तरुण गड्याला त्याच्या कितीतरी पट भाव होता. पश्चिमेकडचा शेतकरी मात्र आपल्या जमिनीवर आणि गुराढोरांवर पुऱ्या किमतीने कर भरत होता. आपल्या पैशाने पूर्वेकडच्यांची मालमत्ता राखली जाते, ही त्याची तक्रार तीस वर्षांची होती.

एक जुनी घटना इथेच सांगायला हवी, कारण तिच्यातली माणसे पुढे पुन्हा भेटणार आहेत. ऑगस्ट १८३१ मध्ये साउदॅम्प्टन कौंटीत नॅट टर्नरच्या नेतृत्वाखाली गुलामांनी उठाव केला. त्यानंतरच्या हिवाळ्यात राज्याच्या विधिमंडळात गुलामगिरी ठेवावी की संपवावी यावर उघड चर्चा झाली. दक्षिणेतल्या विधिमंडळात अशी चर्चा युद्धापूर्वी पुन्हा झाली नाही. टॉमस जेफरसनचा नातू टॉमस जेफरसन रॅन्डॉल्फ याने टप्प्याटप्प्याने मुक्ततेची योजना मांडली. विल्यम बॅलर्ड प्रेस्टन या तरुण सभासदाने उपसूचना आणली : गुलामगिरी संपवण्यासाठी आत्ताच कायदा करणे इष्ट आहे. ती ५८ विरुद्ध ७३ मतांनी पडली. आठ सभासदांचे मन वळले असते तर ती तरली असती. त्यानंतर व्हर्जिनियाने चर्चा मिटवली आणि कृष्णवर्णीयांच्या शिकण्यावर व प्रार्थनासभांवर निर्बंध आणखी कडक केले.

ऑक्टोबर १८५९ मध्ये जॉन ब्राउनने हार्पर्स फेरी इथल्या संघराज्याच्या शस्त्रागारावर छापा घातला. तो फसला आणि डिसेंबरात त्याला फाशी झाली. त्या वेळी गव्हर्नर होता हेन्री वाइज. उत्तरेतल्या काही गावांत ब्राउनसाठी चर्चच्या घंटा वाजल्या, हे पूर्व व्हर्जिनिया विसरला नाही.

पेच

नोव्हेंबर १८६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत व्हर्जिनियाने कौल दिला तो जॉन बेलला. 'संघराज्य आणि घटना' एवढाच त्याच्या पक्षाचा कार्यक्रम होता. दक्षिणेचा उमेदवार ब्रेकिनरिज दोनशेहूनही कमी मतांनी मागे राहिला. लिंकनला सबंध राज्यात दोन हजारसुद्धा मते पडली नाहीत आणि ती पडली तीही मुख्यतः वायव्य कोपऱ्यात. पण देशात निवडून आला तोच.

२० डिसेंबरला दक्षिण कॅरोलायना बाहेर पडली. १ फेब्रुवारीपर्यंत मिसिसिपी, फ्लोरिडा, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना आणि टेक्सास तिच्या मागे गेली. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने परिषद बोलावली. तिच्या सभासदांची निवडणूक ४ फेब्रुवारीला झाली तेव्हा मतदारांनी आणखी एक गोष्ट मोठ्या बहुमताने ठरवली : परिषदेने फुटण्याचा ठराव केलाच तर तो लोकांपुढे मताला आला पाहिजे. निवडून आलेल्या १५२ जणांत उघड फुटीर एक तृतीयांशाच्या आसपास होते. अध्यक्ष झाला तो जॉन जॅनी, लाउडन कौंटीचा वयस्क वकील आणि संघराज्याचा पुरस्कर्ता.

वरवर पाहता संघवाद्यांचे पारडे जड होते. पण 'संघवादी' या नावाखाली दोन वेगळ्या भूमिका एकत्र बसल्या होत्या. वेटमन विली, जॉन कार्लाइल यांच्यासारखे वायव्येचे लोक काही झाले तरी संघराज्यात राहायचे म्हणत. संख्येने बरेच जास्त असलेल्या बाकीच्यांची अट होती : केंद्राने बाहेर पडलेल्या राज्यांवर बळाचा वापर करता कामा नये. केला, तर व्हर्जिनिया त्या राज्यांबरोबर जाईल.

माझ्या मते परिषदेचा पेच या अटीत होता. अट मोडली जाते की नाही हे रिचमंडमध्ये ठरणार नव्हते. चार्ल्सटनच्या बंदरातल्या समटर किल्ल्यावर संघराज्याचा झेंडा होता आणि भोवती बंडखोरांच्या तोफा. त्या तोफांचा दोर व्हर्जिनियातल्या बहुमताच्या हातात नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ताबडतोब फुटण्याचा. त्याची वकिली करायला मिसिसिपी, जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलायना यांचे दूत फेब्रुवारीतच परिषदेपुढे येऊन बोलले. जॉर्जियाच्या हेन्री बेनिंगने आडपडदा ठेवला नाही. वेगळे झाल्याशिवाय गुलामगिरी वाचणार नाही अशी आपल्या राज्याची खात्री झाली, हेच फुटण्याचे कारण, असे त्याने सांगितले. 'युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झाले' हे नंतरचे पालुपद ऐकताना हे भाषण आठवावे. बाहेर पडलेल्या राज्यांनी मिळून केलेल्या दक्षिणी संघाच्या, मार्चमध्ये तयार झालेल्या घटनेत व्हर्जिनियासाठी एक गळही होता : संघाबाहेरच्या कोणत्याही राज्यातून गुलाम आणण्यास बंदी घालण्याचा अधिकार त्यांच्या काँग्रेसला दिला होता. बाहेर राहाल तर तुमचा सर्वांत मोठा ग्राहक दार लावून घेईल, असा त्याचा सरळ अर्थ.

या पर्यायाविरुद्ध संघवाद्यांनी जो मुद्दा वापरला तोही गुलामगिरीचाच होता. संघराज्य सोडले की पळून गेलेल्या गुलामाला परत आणण्याचा कायदा गेला. पोटोमॅक आणि ओहायो नद्यांपलीकडे परका देश होईल, पळालेले गुलाम जिथे मुक्त होत तो कॅनडाच दाराशी येऊन बसेल आणि मालमत्ता एका रात्रीत नदी ओलांडेल. परिषदेतला वाद ऐकणाऱ्याला दोन्ही बाजू एकाच तिजोरीच्या राखणदारीबद्दल भांडत आहेत असेच वाटले असते.

दुसरा पर्याय तडजोडीचा. व्हर्जिनियाच्याच पुढाकाराने ४ फेब्रुवारीला वॉशिंग्टनमध्ये शांतता परिषद भरली. एकवीस राज्यांचे प्रतिनिधी आले आणि माजी अध्यक्ष जॉन टायलर, व्हर्जिनियाचाच, तिचा अध्यक्ष झाला. मसुदा तयार झाला, पण सिनेटने तो उचलला नाही. खुद्द टायलर रिचमंडला परतून त्याच्या विरोधात बोलू लागला. जुनी ३६ अंश ३० कलांची रेषा पश्चिमेकडे वाढवून तिच्या दक्षिणेला गुलामगिरी कायम राखण्याची सिनेटर क्रिटेंडनची योजनाही गळाठली होती. लिंकन एका गोष्टीवर हटत नव्हता : गुलामगिरी आहे तिथे तो हात लावणार नव्हता, पण नव्या प्रदेशांत तिला पाय पसरू देणार नव्हता. काँग्रेसने मार्चच्या सुरुवातीला एक घटनादुरुस्ती मंजूर केली होती. तिच्यानुसार राज्यांतल्या गुलामगिरीत केंद्राला कधीच ढवळाढवळ करता आली नसती, आणि तिलाही लिंकनने पदग्रहणाच्या भाषणात हरकत घेतली नाही. एवढे देऊनही सात राज्ये परतली नाहीत.

तिसरा पर्याय सीमेवरच्या गुलाम राज्यांनी एकत्र बसून संयुक्त मागण्या ठरवण्याचा. त्यासाठी केंटकीत मेअखेरीस बैठक घ्यावी असा विचार परिषदेपुढे होता. चौथा पर्याय अट न घालता संघराज्यात राहण्याचा, आणि तो अल्पमतात होता.

गुलामगिरी संपवण्याचा पर्याय कोणीही मांडला नाही. विलीने मार्चमध्ये प्रश्न उभा केला तो गुलामांवर पुऱ्या किमतीने कर बसवण्याचा, त्यांच्या सुटकेचा नव्हे. १८३२ मध्ये सुटकेचा ठराव मांडणारा प्रेस्टन परिषदेत बसलेला होता. मधल्या काळात तो केंद्रात नौदलमंत्री होऊन आला होता. आता तो सशर्त संघवादी होता.

काय केले गेले

मार्चभर परिषद बोलत राहिली. संघवाद्यांचा डाव वेळकाढूपणाचा होता आणि तो अगदीच वेडा नव्हता. लिंकनचा परराष्ट्रमंत्री सीवर्ड मध्यस्थांकरवी जॉर्ज समर्स या त्यांच्या नेत्याला कळवत होता की समटरमधून सैन्य काढून घेतले जाईल, धीर धरा. सीवर्डला तसे मनापासून वाटत होते. फक्त निर्णय त्याच्या हातात नव्हता, आणि हे रिचमंडला उशिरा कळले.

बहुमत असूनही संघवाद्यांनी परिषद संपवली नाही. परिषद चालू राहिली तर वॉशिंग्टनवर दबाव राहील, असा त्यांचा हिशेब. पण भरलेली परिषद दोन्हीकडे चालते. फुटीरांना तयार व्यासपीठ मिळाले. गॅलऱ्या त्यांच्या समर्थकांनी भरू लागल्या आणि रिचमंडची वृत्तपत्रे रोज नेमस्तांची खिल्ली उडवू लागली. पूर्वेकडच्या काही कौंट्यांतून आपल्या सभासदांना नवे आदेश येऊ लागले.

४ एप्रिलला फुटीरांनी मत घ्यायला लावले. ठरावाच्या बाजूने ४५ मते पडली आणि विरोधात जवळपास दुप्पट.

त्याच दिवशी परिषदेतला एक सभासद, जॉन बाल्डविन, वॉशिंग्टनमध्ये लिंकनला गुपचूप भेटत होता. बोलावणे समर्सला होते. त्याने आपल्या जागी बाल्डविनला पाठवले. या भेटीत काय बोलणे झाले यावर दोन जबाब आहेत. १८६६ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे बाल्डविनने सांगितले की लिंकनने 'तुम्ही फार उशिरा आलात' असे म्हटले आणि कोणताही प्रस्ताव ठेवला नाही. जॉन बॉट्स या दुसऱ्या संघवाद्याच्या म्हणण्याप्रमाणे लिंकनने त्याला नंतर सांगितले की परिषद विसर्जित करा, मी समटर सोडतो, असा प्रस्ताव आपण बाल्डविनपुढे ठेवला होता. कोण खरे हे आज ठरवता येत नाही. पण समटरला रसद घेऊन जहाजे धाडण्याचा हुकूमही लिंकनने त्याच सुमारास दिला, आणि त्या दिवशीच्या मतदानाची बातमी बाल्डविनजवळ असण्याची शक्यताच नव्हती. समजा ही भेट दोन दिवस पुढे गेली असती आणि बाल्डविन हातात तो निकाल घेऊन गेला असता, तर बोलण्याला निदान काही वजन असते.

८ एप्रिलला परिषदेने तिघांचे शिष्टमंडळ लिंकनकडे पाठवायचे ठरवले : प्रेस्टन, अलेक्झांडर स्टुअर्ट आणि जॉर्ज रॅन्डॉल्फ. हा रॅन्डॉल्फ म्हणजे १८३२ च्या योजनेच्या कर्त्याचा धाकटा भाऊ. त्याचे मत मात्र फुटण्याच्या बाजूचे. तुमचे धोरण काय ते स्पष्ट सांगा, एवढेच त्यांना विचारायचे होते. ते पोचेपर्यंत १२ तारीख उजाडली होती. पहाटे साडेचारला चार्ल्सटनच्या तोफा सुरू झाल्या होत्या.

त्या तोफांमागे व्हर्जिनियाचीही माणसे होती. १० एप्रिलच्या रात्री रॉजर प्रायर हा व्हर्जिनियाचा माजी काँग्रेस सदस्य चार्ल्सटनमध्ये जमावापुढे सांगत होता की तुम्ही पहिला तडाखा द्या, तासाभरात व्हर्जिनिया तुमच्यात आणून दाखवतो. सदुसष्ट वर्षांचा व्हर्जिनियन शेतीतज्ज्ञ एडमंड रफिन आपल्या राज्याच्या मवाळपणाला कंटाळून तिकडे गेला होता आणि सुरुवातीच्या गोळ्यांपैकी एक त्याने झाडला. राज्यात मतपेटीने न जमलेली गोष्ट या दोघांना राज्याबाहेरून घडवायची होती.

१३ तारखेला लिंकनने शिष्टमंडळाला लेखी उत्तर दिले : पदग्रहणाच्या भाषणात सांगितलेलेच माझे धोरण आहे, मात्र हल्ल्याला बळाने उत्तर देईन. १५ तारखेला त्याने बंड मोडण्यासाठी तीन महिन्यांकरिता ७५,००० नागरी सैनिक मागवले. बाहेर न पडलेल्या राज्यांकडून कोटा मागितला होता आणि त्यात व्हर्जिनियाचा वाटा २,३४० जणांचा होता.

१५ ते १७ एप्रिल

घोषणेने सशर्त संघवाद्यांच्या पायाखालची वाळू सरकली. त्यांनी मतदारांना जे वचन देऊन मते घेतली होती ते आता त्यांच्याच अंगावर आले. गव्हर्नर जॉन लेचर तोवर फुटीरांच्या दृष्टीने लपून बसलेला संघवादी होता. त्याने १६ तारखेला सैन्य द्यायला नकार कळवला आणि यादवी तुम्हीच सुरू केलीत असे वर ऐकवले. त्याच दिवशी रिचमंडमध्ये फुटीरांची दुसरी, स्वयंघोषित सभा भरली. परिषदेने कच खाल्ली तर सूत्रे हाती घ्यायची त्यांची तयारी होती.

परिषद बंद दाराआड गेली. फुटण्याचा ठराव मांडला प्रेस्टनने.

१७ तारखेला हेन्री वाइज, आता परिषदेचा सभासद, उठला. त्याने मोठे पिस्तूल पुढ्यात ठेवले, हातात घड्याळ घेतले आणि सांगितले की या क्षणी स्वयंसेवक हार्पर्स फेरीच्या शस्त्रागाराकडे आणि नॉरफोकजवळच्या गॉस्पोर्ट गोदीकडे निघाले आहेत. हे त्याने गव्हर्नरच्या संमतीवाचून, आपल्या ओळखीच्या लोकांकरवी आदल्या रात्री जुळवले होते. जॉन ब्राउनला फासावर चढवणारा माणूस दीड वर्षांनी त्याच शस्त्रागारावर चालून जाण्याची व्यवस्था करत होता. बाल्डविनने त्याला तिथल्या तिथे विरोध केला, पण सभागृहाचा सूर फिरलेला होता.

मत पडले : ८८ बाजूने, ५५ विरोधात. जॅनी, बाल्डविन, विली, कार्लाइल यांनी विरोधात मत दिले. ज्युबल अर्ली यानेही. तो पुढे दक्षिणेचा नामांकित सेनापती झाला. बाल्डविनही दक्षिणेच्या सैन्यात कर्नल झाला. 'फुटू नका' म्हणणारे बहुतेक पूर्वेकडचे लोक ठराव होताच त्याच्या मागे उभे राहिले. वायव्येकडचे बरेचसे घरी परतले आणि कामाला लागले.

ठराव लोकांपुढे जायचा होता तो २३ मे रोजी. मधल्या पाच आठवड्यांत हार्पर्स फेरी आणि गॉस्पोर्ट राज्याच्या ताब्यात आली (जाताना संघराज्याच्या सैनिकांनी दोन्हीकडे आगी लावल्या होत्या), संघराज्याच्या सैन्यातला अधिकारी रॉबर्ट ली राजीनामा देऊन राज्याच्या सैन्याचा प्रमुख झाला, दक्षिणी संघाशी लष्करी करार झाला, आणि राजधानी रिचमंडला हलवायचेही ठरले. व्हर्जिनियात तेव्हा मत तोंडी, सर्वांदेखत द्यावे लागे. सिनेटर राहिलेल्या जेम्स मेसनने पत्र छापून सांगितले की ठरावाच्या बाजूने मत देता येत नसेल तर देऊच नका, आणि मत बदलणार नसेल तर राज्य सोडा. सव्वा लाखाहून जास्त मते ठरावाच्या बाजूने पडली. याला सार्वमत म्हणायचे तर म्हणावे.

परिणाम

आर्कान्सा, नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसी व्हर्जिनियामागोमाग गेली. दक्षिणेला रिचमंडमधला ट्रेडिगरचा लोखंड कारखाना मिळाला, हार्पर्स फेरीची बंदुका बनवणारी यंत्रे मिळाली, ली मिळाला. तेवढ्याच बळावर युद्ध चार वर्षे चालले असे म्हणणार नाही, पण त्याशिवाय ते इतके लांबले नसते. एरवी मोजले जाणारे मृतांचे आकडे सहा लाखांच्या वर जातात. त्यातले फार मोठे रक्त व्हर्जिनियाच्या भूमीवर सांडले, पहिल्या मोठ्या लढाईच्या मॅनॅससपासून लीच्या शरणागतीच्या अॅपोमॅटॉक्सपर्यंत. एप्रिल १८६५ मध्ये रिचमंड सोडताना दक्षिणी सैन्याने लावलेल्या आगीत शहराचा व्यापारी भाग जळाला. आपल्याकडे या युद्धाची झळ पोचली ती कापसाच्या भावातून : अमेरिकन कापूस अडला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला. प्रेस्टन यातले फारसे पाहायला उरला नाही. १८६२ मध्येच तो वारला.

राज्याचे दोन तुकडे झाले. वायव्येच्या लोकांनी व्हीलिंगला मे आणि जूनमध्ये परिषदा भरवल्या, फ्रान्सिस पिअरपाँटला गव्हर्नर करून 'खरे व्हर्जिनिया सरकार' आपणच असे जाहीर केले, आणि २० जून १८६३ रोजी वेस्ट व्हर्जिनिया हे नवे राज्य संघराज्यात आले. टप्प्याटप्प्याने गुलाममुक्तीची अट त्याला मान्य करावी लागली, आणि तिचा मसुदा विलीच्या नावाने ओळखला जातो. हा तुकडा पाडण्याची गोष्ट मात्र वाटते तितकी स्वच्छ नाही. नव्या राज्याच्या दक्षिण भागातल्या कित्येक कौंट्यांनी १८६१ मध्ये फुटण्याच्या बाजूने मत दिले होते आणि त्यांना फारसे कोणी विचारले नाही. पश्चिमेची मूळ तक्रार, गुलामांवरच्या कराची, तीही रिचमंडने शेवटी मान्य केली होती. २३ मेच्या त्याच मतदानात पुऱ्या किमतीने कर लावण्याची दुरुस्ती मंजूर झाली. तीस वर्षे उशिरा.

ज्या चार लाख नव्वद हजारांवरून हे सगळे चालले होते त्यांना परिषदेत जागा नव्हती आणि मतही नव्हते. पण २३ मेच्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड या तिघांनी दक्षिणेच्या तटबंदीच्या कामावरून निसटून होडीतून मन्रो किल्ला गाठला. तो संघराज्याच्या ताब्यात होता. मालकाचा माणूस त्यांना परत मागायला आला, तेव्हा तिथला सेनापती बेंजामिन बटलर, जो पेशाने वकील होता, म्हणाला की तुम्ही परका देश झालात, आता तो कायदा तुम्हाला लागू नाही. त्याने त्यांना युद्धातला जप्त माल ठरवून ठेवून घेतले. पुढच्या काही आठवड्यांत तिथे शेकडो लोक आले. 'कॅनडा दाराशी येईल' हे संघवाद्यांचे भाकीत लोकांनी ठराव मंजूर केल्याच्या रात्रीच खरे ठरायला लागले.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत जवळचा चुकलेला निर्णय ४ एप्रिलचा दिसतो. दोन तृतीयांश बहुमत हातात असताना परिषद तिथेच बरखास्त केली असती तर १५ तारखेच्या घोषणेनंतर ती पुन्हा बोलवायला आठवडे गेले असते. हा केवळ कल्पनेचा खेळ नाही, कारण शेजारी उदाहरण होते. केंटकीच्या गव्हर्नरनेही लिंकनला सैन्य नाकारले, शब्दही कमी कडक नव्हते. पण तिथल्या विधिमंडळाने परिषद बोलवायलाच नकार दिला होता. रागाच्या भरात ठराव करायला कोणी जमलेलेच नव्हते. केंटकी तटस्थ म्हणत राहिला आणि शेवटी संघराज्यातच राहिला. मेरीलँडच्या गव्हर्नरने विधिमंडळ बोलवण्यात कित्येक महिने चालढकल केली.

दुसरे, अटीचा अर्थ कोणी ठरवला नव्हता. किल्ल्यात धान्य पाठवणे म्हणजे बळाचा वापर का? बंदरात जकात वसूल करणे? आणि उलट बाजूने पहिली गोळी सुटली तर अट कुणी मोडली? जानेवारीत विधिमंडळाने दोन्ही बाजूंना संयम राखायला सांगणारी माणसे धाडली होती. एप्रिलमध्ये मात्र परिषदेचे शिष्टमंडळ फक्त वॉशिंग्टनला गेले. तुम्ही किल्ल्यावर मारा केलात तर आमच्यावर विसंबू नका, हे चार्ल्सटनला सांगायला कोणी गेले नाही. प्रायर आणि रफिन यांनी याच गैरहजेरीचा फायदा घेतला.

लिंकनबाबत असे म्हटले जाते की त्याने पहिली हाक फक्त उत्तरेच्या राज्यांना द्यायला हवी होती. सीमेवरच्या संघवाद्यांना निदान आपल्या मुलांना शेजाऱ्यांविरुद्ध पाठवण्याची सक्ती झाली नसती. मला हे अर्धेच पटते. केंटकीला तोच कोटा गेला होता आणि तो राहिला. व्हर्जिनियाच्या नेमस्तांना केवळ कोट्याने दुखवले नव्हते, कोणाचेही सैन्य दक्षिणेकडे निघणे त्यांना मान्य नव्हते. मात्र सीवर्डला परस्पर आश्वासने देऊ देणे हा दोष लिंकनच्या खात्यावर जातो. समर्स आणि त्याचे मित्र महिनाभर अशा शब्दावर उभे राहिले जो देण्याचा अधिकार देणाऱ्याला नव्हता.

राहिला प्रश्न १८३२ चा. ती आठ मते फिरली असती तर तीस वर्षांनंतरचा पेच उद्भवला नसता, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि प्रेस्टनचे नाव दोन्ही ठिकाणी दिसल्यावर तो आणखी वाढतो. पण योजनेचे कलम वाचावे. रॅन्डॉल्फच्या मसुद्यात मुक्तता मिळणार होती ती ४ जुलै १८४० नंतर जन्मलेल्या मुलांना, तीही मुलग्यांना एकविसाव्या आणि मुलींना अठराव्या वर्षी. त्यानंतर राज्य त्यांना मजुरीला लावून मिळालेल्या पैशातून अमेरिकेबाहेर पाठवणार होते. आईवडील गुलामच राहणार होते. शिवाय ते वय येण्याआधी मालकाने मुलाला दक्षिणेत विकले तर त्याला अडवणारे काही मसुद्यात नव्हते. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत टप्प्याटप्प्याच्या मुक्ततेच्या काळात काही मालकांनी हेच केले होते. मंजूर झालेली योजना व्हर्जिनियाला कदाचित १८६१ पर्यंत मुक्त राज्यांच्या वाटेला लावती, युद्धही वेगळे झाले असते किंवा टळले असते; पण त्या मुक्त होत चाललेल्या व्हर्जिनियातून निघालेली मुले मिसिसिपीच्या मळ्यांत कापूस वेचत असती, आणि शॉको बॉटमच्या लिलावघरांनी त्या काळात आजवरचा सर्वांत मोठा धंदा केला असता.